चेसापीकच्या काठचे ढासळते कडे

श्रोतेहो, तुमच्या गावात एखादी जुनी गढी असेल, किंवा गावाबाहेर पांढऱ्या मातीचे टेकाड असेल, तर आज मी जे सांगणार आहे त्यातले निम्मे तुम्हांला आधीच ठाऊक आहे. मृगाचे दोन पाऊस जोराचे झाले की गढीची एखादी बाजू खचते. दुसऱ्या दिवशी पोरे तिथे गोळा होतात आणि पडलेल्या मातीतून खापरांचे तुकडे, काचेचे मणी, बांगडीचा तुकडा आणि नशीब असेल तर एखादी शिवराईसुद्धा वेचतात. गढी ढासळली नसती तर यातले काहीच त्यांच्या हाती लागले नसते. आणि ढासळण्याच्या वेळी पोरे खाली उभी असती तर काय झाले असते, तेही घरोघरच्या आयांना चांगले ठाऊक असते.

अशीच एक गढी अमेरिकेत पाण्याच्या काठी उभी आहे. तिचे थर समुद्राने रचले, आणि आता लाटाच ती पाडत आहेत. मेरीलँड नावाच्या राज्यात, वॉशिंग्टन या राजधानीच्या आग्नेयेला, मोटारीने दीड-दोन तासांच्या वाटेवर ती आहे. चेसापीक नावाचा एक लांबच लांब उपसागर तिथे जमिनीत आत शिरला आहे. त्याच्या पश्चिम काठाला कॅल्व्हर्ट जिल्हा लागतो. या जिल्ह्याच्या किनाऱ्याने सुमारे चाळीस किलोमीटर मातीच्या कड्यांची रांग गेली आहे. कडे काही ठिकाणी १०० फुटांहून उंच आहेत. कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीने १६०८ साली होडीतून हा उपसागर धुंडाळला, तेव्हा त्याने हे कडे नकाशात टिपले आणि त्यांना आपल्या आईच्या माहेरचे नाव दिले. ते नाव काही टिकले नाही. पुढे इंग्लंडच्या राजाने ज्या कॅल्व्हर्ट घराण्याला ही वसाहत बहाल केली, त्याचेच नाव आज जिल्ह्याला आणि कड्यांनाही आहे. या रांगेतला एक भाग राज्य सरकारने उद्यान म्हणून राखला आहे. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्क हे त्याचे नाव.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या कड्यांशी आम्हांला काय करायचे आहे? तर आपल्याकडची पुष्कळ मुले-मुली आज वॉशिंग्टनच्या आसपास नोकरीला आहेत. लेकीच्या बाळंतपणाला नाहीतर नातवंडे सांभाळायला म्हणून गावाकडची मंडळी तिकडे चार-सहा महिने राहून येतात. तिथली मोठी दुकाने आणि पांढऱ्या दगडाच्या इमारती त्यांना दाखवल्या जातातच. हे कडेही त्यांनी एकदा पाहावेत. आणि ज्यांना जायचे नाही, त्यांना, विशेषतः शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, इथली गोष्ट वर्गात सांगता येण्याजोगी आहे.

कोकणात ज्यांनी समुद्रकाठचे कडे पाहिले आहेत त्यांना वाटेल की कडा म्हटला की काळा पाषाण नाहीतर तांबडा जांभा. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या थोडे मागेपुढे, जमीन फाटून तो वाहिला आणि थरावर थर बसला. जांभा हा त्याच पाषाणाचा कुजून, झिजून झालेला. तापलेल्या लाव्ह्यात शिंपला टिकत नाही आणि हाडही टिकत नाही. म्हणून रत्नागिरीच्या काळ्या कड्यात तुम्ही कितीही शोधले तरी मासा सापडायचा नाही. लाव्ह्याच्या दोन पुरांमधल्या शांत काळात तळ्यांत जो गाळ साचला, त्यात मात्र आपल्या विदर्भात झाडांचे आणि प्राण्यांचे अवशेष मिळतात.

कॅल्व्हर्टच्या कड्यात पाषाण जवळजवळ नाहीच. आहे ती वाळू, चिकणमाती आणि दोहोंच्या मधला बारीक गाळ. सुमारे दोन कोटी ते ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या काळात हा सगळा मुलूख एका उथळ, कोमट समुद्राखाली होता. नद्या डोंगरातून माती आणत होत्या आणि ती संथपणे तळाशी बसत होती. त्या पाण्यात जे जगले आणि मेले, ते त्या गाळात पुरले गेले. मांस कुजून गेले. शिंपले, हाडे, दात राहिले. मातीत मुरणाऱ्या पाण्यातले क्षार त्यांच्यात झिरपले आणि त्यांचा दगड होत गेला. यालाच आपण जीवाश्म म्हणतो. या कड्यांतून आजवर सहाशेहून अधिक जातींचे जीवाश्म मिळाले आहेत. पुढे समुद्र हटला, तळ उघडा पडला. चेसापीक उपसागर स्वतः फार अलीकडचा, दहा-बारा हजार वर्षांचाच. हिमयुग सरून समुद्राची पातळी वाढली, सस्क्वेहाना नदीचे खोरे बुडाले आणि त्याचाच हा उपसागर झाला. म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाची माती आज नव्या पाण्याच्या लाटा कापून काढत आहेत.

विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग खडक असे थर लागतात, हे कुणा शेतकऱ्याला सांगायला नको. इथे ती विहीर उभी कापून समोर ठेवली आहे असे समजा. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. एवढी साधी गोष्ट, पण ती नियम म्हणून लिहून काढायला १६६९ साल उजाडावे लागले. ती लिहिणारा निकोलस स्टेनो हा डेन्मार्कचा वैद्य इटलीत राहत होता. त्या काळी युरोपात जमिनीतून निघणाऱ्या त्रिकोणी दगडांना लोक जिभांचे दगड म्हणत. कोणी म्हणे ते आकाशातून पडतात, कोणी म्हणे सर्पाच्या जिभा थिजून दगड झाल्या, आणि विषावर उतारा म्हणून ते जवळ बाळगीत. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी एक प्रचंड शार्क धरला आणि त्याचे डोके चिरफाडीसाठी स्टेनोकडे आले. त्याने जबडा उघडून पाहिला, तर आत ओळीने तेच जिभांचे दगड! मग समुद्रातल्या माशाचा दात डोंगरातल्या मातीत कसा गेला, हा प्रश्न त्याला सुचला. त्याचे उत्तर शोधता शोधता थरांचा नियम हाती आला. गुरुजींनी वर्गात सांगावी अशी ही हकीकत आहे.

कॅल्व्हर्टच्या थरांची आणखी एक गंमत आहे. ते अगदी आडवे नाहीत. आग्नेयेकडे त्यांचा किंचित कल आहे, डोळ्यांना एका जागी उभे राहून जाणवणारही नाही इतका. पण उत्तरेच्या टोकाकडून दक्षिणेकडे होडीतून जात राहिले, तर उत्तरेला जो थर पाण्याच्या वर भिंतीसारखा उभा असतो, तो हळूहळू पाण्यात बुडत जातो आणि त्याच्या जागी वरचा, म्हणजे नंतरच्या काळातला थर खाली येतो. पोथीची पाने थोडी सरकवून पसरावीत तसे हे आहे. म्हणून चाळीस किलोमीटरच्या या काठावर एकाच उंचीवरून जाताना लाखो वर्षे ओलांडली जातात.

आता प्रत्यक्ष जायचे कसे ते ऐका. गाडी उभी करण्याच्या जागेजवळ मुलांसाठी जुन्या टायरांचे खेळ मांडलेले आहेत. नातवंडे तिथेच रमली तर सगळा बेत बारगळेल, तेव्हा खेळ परत येताना दाखवावेत हे बरे. तिथून किनारा सुमारे तीन किलोमीटर. वाट रानातून जाते. चढउतार फारसा नाही, पण जाऊन येऊन सहा किलोमीटर होतात आणि वाटेत दुकान नाही. पाण्याची बाटली आणि दशमी-चटणी बरोबर हवी. वाटेत एका पाणथळ जागेच्या कडेने जावे लागते. तिथे बीव्हर नावाचा प्राणी दातांनी झाडे तोडून बांध घालतो आणि पाणी अडवतो. बंधारा घालणाऱ्याला त्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. उन्हाळ्यात या रानात गोचीड असतात. आपल्याकडे गुरांना लागतात तशाच, पण काही बारीक आणि माणसाला आजार देणाऱ्या. पाय झाकणारे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा.

रान संपले की लहानशी पुळण लागते. फार मोठ्या देखाव्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते. कडे दिसतात, पण बाजूने आणि दुरून. त्यांच्या पायथ्याशी जायला बंदी आहे. तशा पाट्या आणि अडसर लावलेले आहेत. काही जण तो अडसर ओलांडून जातात. त्यांचे पाहून तुम्ही जाऊ नका. बंदी का आहे ते पुढे सांगतो. आधी जे मोकळे आहे तिथे काय करायचे ते पाहू.

इथे खजिना वाळूत आहे. कड्याचा ढलपा पडतो, लाटा त्याची माती धुऊन नेतात, आणि जड, टणक वस्तू मागे राहतात. पाखडताना सुपात जड खडे मागे राहतात ना, तसेच. पाणी जिथे वाळूला टेकते त्या ओल्या पट्ट्यात बारीक खडीचे पुंजके दिसतील. तिथे वाका आणि डोळे स्थिर ठेवा. स्वयंपाकघरातली बारीक चाळणी नेली असेल तर खडी पाण्यात धुऊन बघा. इथली भरती-ओहोटी कोकणासारखी नाही. पाणी फूट-दीड फूटच वरखाली होते आणि कधी वाऱ्यानेच भरतीओहोटीहून अधिक चढते-उतरते. तरी ओहोटीची वेळ बरी. वादळानंतरचा दिवस सर्वांत चांगला, कारण ताजा माल पडलेला असतो.

काय शोधायचे? दात. शार्क, म्हणजे आपल्या कोळी मंडळींची मुशी नाहीतर मोरी, त्यांचे दात. मुशी कापलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तिला आपल्यासारखी हाडे नसतात. सगळा सांगाडा कानाच्या पाळीत असते तशा लवचीक कुर्चेचा. ती मेल्यावर कुजून जाते. दात मात्र पक्के. शिवाय आपल्याला दोनदाच दात येतात, तर मुशीचे जन्मभर पडतात आणि मागच्या ओळीतले पुढे सरकतात. एकीचे आयुष्यात हजारो होतात. अशा असंख्य मुशा लाखो वर्षे या समुद्रात फिरल्या, तेव्हा दातांची पेरणी किती झाली असेल त्याचा अंदाज करा. बहुतेक दात बोटाच्या पेराहूनही लहान, करडे, तपकिरी किंवा काळे, त्रिकोणी आणि एका बाजूने चकचकीत असतात. शिंपल्याचा तुकडा आणि दात यांत नवख्याचा गोंधळ होतो. पण दाताची ती चकाकी एकदा डोळ्यांत बसली की पुढे चुकत नाही. मूल मोठ्यांपेक्षा लवकर शिकते, कारण त्याचे डोळे जमिनीला जवळ असतात.

सर्वांनाच आस असते ती मेगॅलोडॉनच्या दाताची. ही नामशेष झालेली राक्षसी शार्क. तिचा एकेक दात माणसाच्या तळहाताएवढा होई, आणि जगात मिळालेले सर्वांत मोठे सतरा-अठरा सेंटीमीटर लांबीचे आहेत. देवमासे हे तिचे भक्ष्य. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. तिचे दात या कड्यांत मिळतात हे खरे, पण एका दुपारी आलेल्या पाहुण्याला मिळेलच असे नाही. लहान दात मिळाला तरी समाधान मानावे. पाकटाच्या जबड्यातल्या, शिंपले भरडणाऱ्या कंगव्यासारख्या पट्ट्याही मिळतात. देवमासे, डॉल्फिन, समुद्रगायी, कासवे आणि मगरी यांची हाडे या कड्यांतून निघाली आहेत. एवढेच काय, नद्यांच्या पुरातून वाहून आलेले हत्तीच्या कुळातले आणि रानडुकरासारखे जमिनीवरचे प्राणीही यात आहेत. विष्ठेचासुद्धा दगड होतो. इथल्याच मुलुखातल्या अशा एका दगडी विष्ठेवर शार्कच्या दातांचे व्रण उमटलेले आढळले, आणि २०१० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चावा घेतला आणि चव न आवडून सोडून दिला, असेच दिसते! एक्फोरा नावाची एक गोगलगाय होती. तिच्या शंखावर उभट कंगोरे असत आणि ती दुसऱ्यांच्या शिंपल्यांना भोक पाडून आतला जीव खाई. १९८४ साली मेरीलँडने तिच्या शंखाला राज्याचा जीवाश्म म्हणून मान दिला.

मोकळ्या पुळणीवर जे सापडेल ते घरी नेण्याची परवानगी आहे. कडा खणायला किंवा कोरायला मात्र सक्त मनाई आहे.

आता कड्याखाली का जायचे नाही ते सांगतो. पावसाचे पाणी वरच्या वाळूतून झिरपत खाली येते. चिकणमातीचा थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून ते आडवे वाहत कड्याच्या तोंडाशी पाझरते. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. पाझर गोठला की फुगतो, माती फोडतो आणि विरघळला की ती सुटी करतो. खाली लाटा पायथा पोखरत असतात. अशा रीतीने वरून, मधून आणि खालून, तिन्हीकडून काम चालते. मग एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी, लाट नसताना, वारा नसताना, कित्येक गाड्या भरतील एवढी माती झाडांसकट खाली येते. आधी आवाज नाही, इशारा नाही. पावसाळ्यात आपल्या घाटांत दरडी कोसळतात तेव्हा निदान आभाळ तरी सांगत असते. इथे आभाळ निरभ्र असते. वर कडेला उभे राहणेही तितकेच वाईट, कारण खाली पोकळ झालेली कड वरून घट्टच दिसते. कड्याची रेषा काही ठिकाणी वर्षाला फूटभर, कुठे त्याहूनही अधिक मागे सरते.

मग हे थांबवत का नाहीत? पायथ्याला मोठाले धोंडे रचले, भिंत घातली, तर लाटा अडतील. हा प्रश्न तिथे बरीच वर्षे कज्ज्याचा झालेला आहे, आणि तो पुस्तकी नाही. उद्यानाच्या बाहेर याच कड्यांच्या माथ्यावर लोकांची घरे आहेत. पाण्याचे दर्शन घडावे म्हणून आयुष्याची कमाई घालून घेतलेली. दरवर्षी अंगण थोडे लहान होते. घरमालकाला भिंत हवी आहे, आणि त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच मागितले असते.

पण त्याच कड्यात आणखी एक घरमालक आहे. अर्ध्या इंचाचा एक शिकारी भुंगेरा, प्युरिटन टायगर बीटल त्याचे नाव. याच्या अळ्या उघड्या, ताज्या कापल्या गेलेल्या कड्यात बीळ करून राहतात आणि बिळाच्या तोंडाशी दबा धरून किडे पकडतात. कड्यावर गवत-झुडूप माजले की त्यांना बीळ करता येत नाही. कडा ढासळत राहिला तरच तो उघडा राहतो. हा भुंगेरा जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे, चेसापीकचा काठ आणि उत्तरेकडची कनेक्टिकट नदी एवढ्याच भागांत. १९९० साली अमेरिकेच्या सरकारने त्याला धोक्यात आलेली जात म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. त्यामुळे कड्याला हात लावायचा तर परवानगीचे मोठे काम. घर वाचवायचे की किडा, असे चिडून विचारणारे तिथे भेटतात.

भिंत घातल्याने लगेच सुटका होते असेही नाही. पायथा बांधला तरी वरचा भाग पुढे कित्येक वर्षे पडतच राहतो, उतार पुरेसा निजेपर्यंत. म्हणजे माथ्यावरचे घर भिंत घालूनही जाऊ शकते. आणि एकदा उतार निजला, त्यावर झाडोरा आला, की थर झाकले गेले. मग दात नाहीत, देवमाशाची हाडे नाहीत, भुंगेराही नाही. मला विचाराल तर उद्यानाच्या हद्दीत कड्याला आपल्या गतीने पडू देतात हे योग्यच आहे. घरांचा प्रश्न वेगळा. तिथे नव्या बांधकामाला कड्यापासून पुष्कळ आत ठेवणे हाच शहाणपणा, आणि जे आधीच अडकले त्यांना मदत व्हायला हवी. त्यांना कायदा दाखवून भागणार नाही.

जाता जाता, उद्यानाच्या उत्तरेला एक अणुवीज केंद्र आहे. त्यातली पहिली भट्टी १९७५ साली सुरू झाली. त्याच्या परवान्यावरून झालेल्या खटल्यात १९७१ साली न्यायालयाने सांगितले, की निसर्गाचे काय होईल याचा विचार सरकारी खात्याने कामाच्या प्रत्येक टप्प्यावर करायचा, केवळ कागद फायलीला लावून चालणार नाही. अमेरिकेत पर्यावरणाचे कायदे शिकवताना या कड्यांचे नाव त्यामुळे हटकून निघते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मेरीलँडला वर्ग नेता येणार नाही, पण गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम येथे आपले स्वतःचे जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेली झाडांची खोडे आणि डायनोसोरांची हाडे मिळाली आहेत. तेवढेही जमले नाही, तर गावच्या नदीची किंवा ओढ्याची कापलेली दरड पुरे. पावसाळा संपल्यावर, दरडीपासून तिच्या उंचीइतके तरी लांब उभे राहून, मुलांना थर मोजायला सांगा. कुठला आधीचा, कुठला नंतरचा आणि कुठल्या थरात खडे गोल झाले आहेत, एवढे विचारले तरी तास पुरणार नाही.

आणि जे प्रत्यक्ष कॅल्व्हर्टला जाणार आहेत त्यांनी सूर्यास्ताच्या चांगले दोन तास आधी पुळण सोडावी. सूर्यास्ताला उद्यान बंद होते आणि तीन किलोमीटर रानातून परतायचे असते. मिळालेले दात काडेपेटीत कापूस घालून ठेवा. दुसऱ्या दिवशी सवड असेल तर दक्षिणेला सॉलोमन्स या गावी कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम आहे, तिकडे वळा. तिथे मेगॅलोडॉनचा पुन्हा जुळवून उभा केलेला सांगाडा आहे, आणि कड्यांतून निघालेले दात जातवारीने काचेखाली मांडलेले आहेत. काडेपेटी उघडा, आपला दात काचेजवळ धरा आणि जुळवून पाहा. तो कुणाच्या तोंडातला, ते बहुधा तिथेच लिहिलेले सापडेल.